टाचेखालची प्लेट: हलक्या स्की टूरिंग बाइंडिंगला कोणती घ्यावी?

रेसच्या जातीच्या हलक्या पिन बाइंडिंगचा (बुटाला पुढे-मागे पिनांनी स्कीवर धरणाऱ्या जोडणीचा) टाचेचा पीस थेट स्कीवर स्क्रूंनी बसतो आणि बहुतेक मॉडेलांत पुढेमागे सरकत नाही. एकदा भोकं पडली की ती बाइंडिंग एकाच सोल-लांबीच्या, म्हणजे तळाच्या लांबीच्या, बुटाची झाली. बूट बदलायचा असेल किंवा एकच जोडी दोघांनी आळीपाळीने वापरायची असेल, तर टाचेखाली अ‍ॅडजस्टमेंट प्लेट लागते; ती स्कीवर बसते आणि पीस तिच्यावर पुढेमागे सरकवून बसवता येतो. दिसायला सगळ्या प्लेट सारख्याच: अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम, एका पायाला ढोबळमानाने २५ ते ५० ग्रॅम, आणि पाकिटावर ठळक छापलेली रेंज, म्हणजे पीस किती मिमी सरकू शकतो तो आकडा. गिऱ्हाईक रेंजचा आकडा पाहून प्लेट उचलतं. खरं तर सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा तोच.

हिशोब साधा आहे. शेजारच्या मापांच्या दोन शेलच्या (बुटाच्या कडक कवचांच्या) सोल-लांबीत साधारण १० मिमीचा फरक असतो आणि अर्धा नंबर बहुधा त्याच शेलमध्ये येतो. ३० मिमी रेंजची प्लेट मध्यावर बसवली की पुढे १५, मागे १५, म्हणजे एक शेल लहान आणि एक मोठं सहज सामावतं. ५० मिमीची लांब प्लेट भाड्याच्या स्कीला शोभते. स्वतःच्या स्कीवर ती फुकटचं वजन आहे, शिवाय टाचेखालचा स्कीचा भाग विनाकारण ताठ करते.

प्लेटची परीक्षा होते ती फटीवर. बुटाची टाच आणि टाचेचा पीस यांच्यात ठरावीक फट लागते, कारण स्की वाकली की दोन्ही एकमेकांकडे सरकतात. फट कमी पडली तर बूट पीसवर दाबला जातो, पिना बुटाच्या टाचेतल्या धातूच्या फिटिंगमध्ये नको तितक्या खोल जातात आणि बाइंडिंग ठरल्या जोराला सुटेनाशी होते. जास्त झाली तर पिनांची पकड उथळ राहते आणि नको तेव्हा टाच निसटते. बऱ्याच हलक्या बाइंडिंगना ४ मिमी फट हवी असते, काहींना ५.५ किंवा ६, आणि स्प्रिंगवर मागे सरकणाऱ्या काही पीसना शून्य. आपल्या मॉडेलचा आकडा माहितीपत्रकातूनच घ्यावा, अंदाजाने नाही.

आता भोकांच्या ओळी असलेली प्लेट घ्या. भोकं ५ मिमी अंतरावर असतील तर चूक २.५ मिमीपर्यंत जाऊ शकते: हवे होते ४, मिळाले १.५ किंवा ६.५. पहिल्या बुटाला फट जुळेल अशी प्लेट बसवता येते, पण पुढचा बूट त्या पायरीत बसेल याची हमी कुणी द्यायची? लांब खाच असलेली प्लेट इथे सरस ठरते, कारण फट हवी तिथे थांबवता येते. तिची खोड एवढीच की पीस निव्वळ स्क्रूच्या दाबावर टिकतो. स्क्रू सैल झाला की पीस गुपचूप मागे जातो. खाचेच्या कडेला बारीक दाते असतील तर उत्तम.

फट मोजायला खास गेज लागत नाही. स्की सपाट टेबलावर ठेवा, बूट पुढे-मागे दोन्ही पिनांत अडकवा आणि हव्या त्या फटीएवढ्या (४ मिमी फटीला ४ मिमी) ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी फटीत सरकवा. घासत, पण जोर न लावता गेली की काम झालं.

उंचीकडे दुर्लक्ष होतं आणि मग उतारावर मांड्या भरून येतात. समजा, टाचेच्या पिना पुढच्या पिनांपेक्षा ८ मिमी उंच आहेत. त्यात ५ मिमी जाडीची प्लेट घातली की फरक १३ मिमी, म्हणजे टाच जवळपास १ अंशाने आणखी वर. हे नको असेल तर टो पीसखालीही (बोटांकडच्या पीसखाली) तेवढंच पॅकिंग द्यावं लागतं आणि तिथले स्क्रूही तितकेच लांब लागतात. पॅकिंग दिलं की टो पीसला अडकणाऱ्या स्की क्रॅम्पॉनचे (कडक बर्फावर चढताना लावायच्या दातेरी पट्टीचे) दातही तितकेच कमी रुततात. म्हणून दोन प्लेट बाकी सारख्या असतील तर पातळ ती घ्यावी.

स्क्रूंची मांडणी मात्र रुंद हवी. पीसची मूळ भोकं एकमेकांच्या जवळ असतात. प्लेटची लांबरुंद पसरलेली असतील तर स्क्रू उपटून येण्याचा जोर कमी होतो. जुन्या भोकापासून नवं भोक मध्य ते मध्य किमान १० मिमी दूर पाहिजे. जुनी भोकं प्लग आणि इपॉक्सीने बुजवायची. नुसत्या लाकडी गाभ्याच्या स्कीला ३.६ मिमी बिट, धातूचा थर असेल तर ४.१ मिमी आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार). खोली ९ मिमी, तीही स्टॉप असलेल्या बिटानेच. स्क्रू प्लेटखाली याहून जास्त डोकावत असेल तर तळाला फुगवटा येतो, आणि तो परत बसत नाही.

बसवताना घोळ होतो तो भोकाच्या तोंडाशी उठलेल्या कडेमुळे. ती कापली नाही तर प्लेट टेकत नाही, डुगडुगते. स्कीतल्या भोकात इपॉक्सी किंवा पाण्याला टिकणारा लाकडी गोंद. निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा द्रव) फक्त पीस आणि प्लेट यांच्यातल्या धातूच्या आट्यांना, कारण प्लास्टिकला लागलं तर ते तडकू शकतं. स्क्रू तिरप्या क्रमाने, हाताच्या स्क्रूड्रायव्हरनेच आवळा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे मेले की प्लेट भंगारात. स्कीचे स्क्रू पोझिड्राइव्ह क्रमांक ३ चे (फिलिप्ससारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या खाचेचे) असतील तर फिलिप्स बिट घालू नका, खाच खाऊन टाकतो. आणि स्क्रूचं एखादं डोकं जरी वर राहिलं तरी पीस त्यावर झुलतो.

डायनाफिट, एटीके, प्लम या बाइंडिंग कंपन्यांच्या भोकांच्या मांडण्या वेगवेगळ्या आहेत, आणि एकाच कंपनीतही मॉडेलागणिक फरक पडतो. त्यामुळे पीसच्या कंपनीची, त्याच मॉडेलसाठी सांगितलेली प्लेट घेणं बरं. टाचेला ब्रेक (सुटलेली स्की थांबवणारा दांडा) असेल तर प्लेटनंतर तो नीट उघड-मीट होतो का, हे खरेदीपूर्वीच विचारा. टो पीसवरच्या ब्रेकला प्लेटचा त्रास नाही.

एकच बूट चार-पाच मोसम वापरायचा असेल तर प्लेट घेऊच नका, पीस थेट बसवा. बूट बदलणार हे नक्की असेल तर खाचेची, २५ ते ३० मिमी रेंजची, पातळ आणि रुंद मांडणीची प्लेट. पाकीट उघडल्यावर दोन्ही जातीचे स्क्रू (प्लेट स्कीला आणि पीस प्लेटला बसवणारे) मोजून घ्या आणि स्कीचा एक स्क्रू प्लेटमधून घालून खाली किती निघतो ते व्हर्निअरने पाहा; ड्रिल त्यानंतर हातात घ्यायचं.