सिंहनाद गुग्गुळ: आमवातात चार महिने घेतल्यानंतरचा अभिप्राय

बोटांचे सांधे सकाळी तासभर आखडलेले राहू लागले आणि अँटी-सीसीपी या रक्तचाचणीनंतर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे आयुर्वेदातल्या आमवाताशी जुळणाऱ्या विकाराचे, निदान झाले, तेव्हा आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट हे रोगप्रतिकारक शक्तीला आवर घालणारे औषध सुरू झाले. वैद्यांच्या सल्ल्याने आणि संधिवाततज्ज्ञांना कल्पना देऊन मी त्याच्या जोडीला सिंहनाद गुग्गुळाच्या गोळ्या चार महिने घेतल्या.

गुग्गुळ, त्रिफळा, शुद्ध गंधक आणि एरंडतेल ही या औषधाची घटकद्रव्ये आहेत. विंचू डसल्यासारख्या वेदनेचे वर्णन करणाऱ्या माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात आमवाताचे मूळ मंदावलेल्या अग्नीत, म्हणजे पचनशक्तीत, आणि त्यातून साचणाऱ्या आमात, म्हणजे न पचलेल्या अन्नरसात, सांगितले आहे, त्यामुळे सांध्यांसाठीच्या औषधात पोट साफ करणारे एरंडतेल का, हे लगेच उमगते. माझा जुना मलावरोध या गोळ्यांनी खरोखरच गेला, भूक सुधारली आणि अंगाचा जडपणा हलका झाला. सूजही उतरली आणि शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला सीआरपी कमी झाला, परंतु मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि माझा उतार नेमका त्याच काळातला असल्याने त्याचे श्रेय मी गोळ्यांना देणार नाही.

माझी खरी तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. 'सर्व प्रकारच्या सांधेदुखीवर' असे लिहून त्यात सरसकट तेलाने मालिश करण्याचा सल्ला दिला आहे. झिजेमुळे होणारा संधिगत वात आणि रोगप्रतिकारक शक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटल्याने होणारा हा विकार, यांत दोन्ही शास्त्रे भेद करतात. साम, म्हणजे आम साचलेल्या, अवस्थेत आयुर्वेद स्नेहन (तेल-तुपाचा वापर) टाळून लंघन (उपवास किंवा हलका आहार) आणि वाळूच्या पुरचुंडीचा रूक्ष शेक सांगतो. म्हणजे हे पत्रक ज्या शास्त्राचे नाव घेते, त्याच्याच विरुद्ध सल्ला देते, आणि सुजलेल्या सांध्यांनी ते वाचणाऱ्या रुग्णाचा विचार करून मला त्याचे फार वाईट वाटले.

2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत 43 रुग्णांवर 36 आठवडे आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र असे तीन गट करून पाहिले, तेव्हा गुण जवळपास सारखाच आढळला. मात्र तिथले आयुर्वेदिक उपचार प्रत्येक रुग्णाची प्रकृती पाहून ठरवले होते. दुकानातून परस्पर आणलेल्या एका डबीला तो निष्कर्ष लावता येत नाही.

सांध्यांची हाडे एकदा कुरतडली गेली की पूर्ववत होत नाहीत, म्हणून मेथोट्रेक्सेट थांबवून केवळ या गोळ्यांवर राहू नये. यकृताच्या आणि रक्तपेशींच्या नियमित तपासण्या करताना या गोळ्या घेत असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. पोटासाठी मला त्या उपयोगी पडल्या, आणि पुढील तपासणीपर्यंत मी त्या तेवढ्याचसाठी घेत आहे.