चिऊचं घर बांधायचं की चकीची खिचडी रांधायची?

बडोद्यातल्या मराठी घरातल्या मुलांना चिमणीच्या दोन गोष्टी ठाऊक असतात. आजी सांगते ती चिऊ-काऊची. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, मोठ्ठा पाऊस येतो आणि कावळ्याचं घर वाहून जातं. दुसरी येते बालवाडीतून किंवा शेजारच्या गुजराती बांकडून, म्हणजे आजींकडून, ती चका-चकीची, म्हणजे चिमणा-चिमणीची. चकी आणते तांदळाचा दाणा, चका आणतो मुगाचा दाणा, आणि दोघं मिळून खिचडी रांधतात. पहिली ऐकली की मुलाला घर बांधावंसं वाटतं, दुसरी ऐकली की पातेलं चढवावंसं वाटतं.

चित्रपुस्तक वाचून झालं, आता पुढे काय, असं मला बालवाडीच्या फाटकाशी पालक रोज विचारतात. कागद-कात्री काढावी की मुलाला स्वयंपाकघरात घ्यावं? दोन्ही चांगलं, असं म्हणून मोकळं होता येईल, पण मला ते पटत नाही. दोन्हींनी मिळतं ते वेगळं असतं आणि दोन्हींत बिघडतं तेही वेगळं. तीन-साडेतीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर माझा कौल स्वयंपाकाला. चार पूर्ण झाली की हस्तकलेचं पारडं जड होत जातं. आणि वय कुठलंही असो, गोष्टीत जे घडतं ते मुलाच्या हातून घडणार आहे का, एवढं आधी बघावं.

आधी चिऊ-काऊ घ्या. या गोष्टीला हस्तकलाच हवी. मुलांना चिमणीचं चित्र रंगवायला देणं किंवा कापसाचा पक्षी चिकटवणं हे मला पुरेसं वाटत नाही. पांढऱ्या कागदावर पांढऱ्याच मेणबत्तीने घर गिरवायला द्या, दाबून, भिंत आणि छप्पर दोन्ही. कागदावर काहीच दिसत नाही म्हणून मूल तुमच्याकडे बघत राहतं. मग जलरंगाचा निळा भरपूर पाण्यात कालवून मोठ्या ब्रशने वरून फिरवायचा, हा झाला पाऊस. रंग मेणावरून ओघळतो, बाजूचा कागद निळा होतो आणि मधोमध चिऊचं घर कोरडं उभं राहतं. शेजारी ताटात कुंभाराकडच्या चिकणमातीचं काऊचं घर करायचं आणि त्यावर तांब्याने हळूहळू पाणी सोडायचं. आधी कडा विरघळतात, मग छप्पर बसतं, मग सगळाच चिखल. मेणाचं घर का टिकलं, हे त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर एक खोकं घ्यावं आणि त्याला उघडणारं दार कापावं. दार उघडमिट करता आलं पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्या दारापाशीच तर घडते. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ असं दार असलं की मुलं गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, तीट लावण्याच्या आधी आणि नंतर स्वतःची कारणं घालतात. कुणाची चिऊ बाळाला इंजेक्शन द्यायला नेते, कुणाची होमवर्क करून घेते. गोष्ट मुलाची होते ती इथे, आणि स्वयंपाकाने हे इतक्या सहज होत नाही.

हस्तकलेची आणखी एक मोठी बाजू म्हणजे ती मुलाला चित्राकडे परत नेते. कावळा करायला घेतला की चोच किती लांब, पाय कुठून निघतात, शेपटी वर की खाली, हे बघायला मूल आपणहून पान उघडतं. चित्रपुस्तकातलं निम्मं सांगणं चित्रात असतं. वाचून दाखवताना आपण अक्षरांमागे धावतो आणि ते निसटून जातं.

बिघडतं ते असं, की हस्तकलेतून एक वस्तू तयार होते आणि मोठ्यांचं लक्ष त्या वस्तूवर जातं. चोच वाकडी लागली की आईचा हात पुढे येतो. दहा मिनिटांनी आई कापतेय, आई चिकटवतेय आणि मूल खिडकीतून बाहेर बघतंय, असं मी फार वेळा पाहिलंय. बाजारातले तयार कापलेले संच तर मी सरळ नाही म्हणते. त्यात मुलाला फक्त ठरल्या जागी तुकडा लावायचा असतो, आणि त्या तुकड्याचा तुमच्या पुस्तकातल्या कावळ्याशी काही संबंध नसतो.

सामानाचा खर्च बडोद्यात फारसा येत नाही. उत्तरायण झाली की गच्चीगच्चीवर फाटके पतंग पडलेले असतात. तो कागद पातळ, चमकदार असतो, पंख, पाणी, आभाळ काहीही करा. बांबूच्या काड्यांवर बाहुल्या लावता येतात, टोकं मात्र कापून बोथट करावीत. मांजा आधी मोठ्यांनीच काढून टाकायचा. काच लावलेला दोरा मुलाच्या बोटाला ब्लेडसारखा कापतो, आणि नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून देशभर बंदी असूनही तो गच्चीवर सापडतोच. चिकटवायला मैद्याची खळ करा. चमचाभर मैदा अर्धी वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा.

आता खिचडी. चका-चकीच्या गोष्टीत रांधणं हीच घटना आहे, म्हणून ती रांधून बघायची. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ. दोन वर्षांचं मूलही ताटात तांदूळ पसरून खडा शोधतं, आणि शोधताना त्याची जी एकाग्रता होते ती कात्रीने कधी होत नाही, कारण कात्री त्या वयात हाताला बसतच नाही. मग डाळ-तांदूळ धुणं. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं, दुसरं फिकट, तिसऱ्यांदा तळाचा दाणा दिसतो. चिमूटभर हळद, अंदाजाने मीठ. गॅसपाशी मात्र मोठ्यांनीच जायचं, मुलाला ओट्याशी स्टुलावर उभं करू नये.

पातेलं चढलं की वाट बघायची असते, आणि नेमकं हेच मला स्वयंपाकात सगळ्यात मोलाचं वाटतं. गोष्टीतही तसंच आहे. चकी पाणी भरायला जाते, चक्याला लक्ष ठेवायला सांगते आणि चका सगळी खिचडी खाऊन टाकतो. खिचडी शिजेपर्यंतच्या वेळात पुस्तक काढा आणि सावकाश वाचा. घरात वास पसरत असतो, चका पातेल्याकडे बघत असतो, आपलं मूलही स्वयंपाकघराकडे बघत असतं. चक्याला राहवलं का नसेल, हे त्याला आतून कळतं. हस्तकलेतही खळ वाळायची वाट बघावी लागते, पण तिथे मुलं थांबत नाहीत. ओल्या खळीला बोट लावून बघतात आणि पंख निसटतो. त्या थांबण्यात गोष्टही काही नसते.

भाषेचं सांगायलाच हवं. आपल्याकडची मुलं खाली खेळायला गेली की गुजराती बोलतात, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. मराठी उरते ती घरात, आणि घरातही बरीचशी स्वयंपाकघरात. निवडणं, पाखडणं, वैरणं, परतणं, निथळणं, चिमूटभर, पसाभर हे सगळं पुस्तकात एखाद्या ओळीत येऊन जातं. हाताने करताना तेच शब्द दहा वेळा कानावर पडतात आणि आठवड्याभरात मुलाच्या तोंडी येतात. हस्तकलेच्या टेबलावर आमच्याकडे मोठी माणसंही ‘कट कर, पेस्ट कर’ असंच बोलतात. त्यामुळे घरात मराठी टिकावी हा हेतू असेल तर मी स्वयंपाकाच्या बाजूने आग्रहाने बोलेन.

शिवाय त्यासाठी वेळ वेगळा काढावा लागत नाही. नोकरी करणाऱ्या आईबाबांना आठवड्यातून एकदा कागदांचा पसारा मांडून तो आवरणं जड जातं, पण वरण-भात तर रोज लागतोच. आपल्याकडे हा विचार नवाही नाही. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमला बालगृह सुरू केलं तेव्हापासून पाणी ओतणं, पुसणं, निवडणं ही खरी कामं लहान मुलांच्या शिक्षणात आहेत. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाची हीच दृष्टी पुढे बोर्डी आणि कोसबाडला नेली. मराठी आणि गुजराती बालवाड्या एकाच मुळावर वाढल्यात, याचा मला अभिमान वाटतो.

धोके स्वयंपाकात जास्त आहेत, हे मान्य. गॅस आणि सुरी सगळ्यांच्या लक्षात असतात. लक्षात राहत नाही तो कच्चा दाणा. मूग, हरभरा नाकात-कानात घालून बघायची या वयाला भारी हौस. ओलाव्याने दाणा फुगतो आणि मग डॉक्टरांशिवाय निघत नाही. निवडायला दिलंत तर समोर बसा, फोन घ्यायलाही उठू नका. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा किंवा अख्खं द्राक्ष देऊ नये, घशात अडकतं. मळायला दिलेली कणीक कच्ची खाऊ देऊ नये, कच्च्या पिठातून पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात. हस्तकलेतही मणी, चमकी, थर्माकोलच्या गोळ्या तेवढ्याच वाईट, पण त्या मुळात आणल्याच नाहीत की प्रश्न मिटतो.

पुस्तकात खायचा पदार्थ आला म्हणून तो करायलाच हवा असं मात्र समजू नका. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ वाचलं की पालक हटकून भोपळ्याचे घारगे करायला निघतात. घारगे सुंदर लागतात, पण किसणं, शिजवणं, तळणं सगळं मोठ्यांनाच करावं लागतं आणि मूल फक्त खाणारं उरतं. त्या गोष्टीची गंमत भोपळ्याच्या चवीत नाही. म्हातारी आत बसून गडगडत जाते, वाघ-कोल्हा वाट अडवतात, ती आतून आवाज देते. वर्तमानपत्राच्या बोळ्यावर खळीने कागदाचे थर चिकटवा, वाळले की कापून आतला बोळा काढा, झाला पोकळ भोपळा. आत चिंधीची म्हातारी बसवा आणि पाट तिरका ठेवून सोडा. उलट पुस्तकात बी पेरणं, पीठ होणं, भाकरी होणं अशी क्रमाने घडणारी गोष्ट असेल तर चित्र काढण्यापेक्षा भाकरी थापावी. क्रम हातानेच कळतो.

पुस्तकाचं काय होतं, हेही बघायला हवं. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन साहेबांना आणवून १९१० मध्ये इथे ग्रंथालयांची घडी बसवली. पुस्तकं पेट्यांमधून खेडोपाडी जायची. त्या शहरात राहून वाचनालयाच्या पुस्तकाला हळदीचे डाग पाडू नयेत, एवढं मला मनापासून वाटतं. वाचनालयाचं पुस्तक असेल तर ते ओट्यावर न्यायचं नाही आणि खळीच्या ताटाजवळही नाही. वापरायला वेगळी प्रत हवी असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं मोफत मिळतात आणि छापून घ्यायला परवानगी आहे. छापलेल्या पानांतली पात्रं कापून काडीवर लावता येतात, विकतच्या पुस्तकाला कात्री लावायचं धाडस कुणाला होत नाही.

आजी-आजोबांनी मुलाला सांभाळायचं असेल तर गुडघे बघून ठरवावं. निवडणं, सोलणं, मळणं खुर्चीत बसून होतं. फरशीवर कागद पसरून तासभर बसणं अनेकांना जमत नाही, आणि त्यांनी ते ओढूनताणून करूही नये.

सोसायटीतली आठ-दहा मुलं जमवायची असतील तर मी दुसरा विचार न करता हस्तकला घेईन. स्वयंपाकात दोन-तीन मुलांपलीकडे कुणाच्या हाताला काम येत नाही आणि बाकीची नुसती बघत बसतात. त्यात आपल्या शहरात एकाच मजल्यावर एक घर जैन, एक स्वामिनारायण, एक मांसाहारी असतं. कुणाकडे कांदा-लसूण चालत नाही, कुणाकडे बटाटाही चालत नाही, एखाद्या मुलाला शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असते. तरीही मुलांनी काही रांधावं असं वाटत असेल तर आदल्या दिवशी प्रत्येक घरी जाऊन विचारा आणि साधी मुगाची खिचडीच करा. घरचं तूप वरून वाढायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या आईला ठरवू द्या.