पूरग्रस्तांसाठी परदेशातून पैसे पाठवताय? खातं कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराच्या नावाखाली इंग्लंडमधल्या आम्हा मराठी मंडळींना पद्धतशीर लुबाडलं गेलं. ज्यांच्यासाठी म्हणून पैसे मागितले, त्या धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा आणि भूम तालुक्यांतल्या माणसांपर्यंत त्यातला एक रुपयाही पोचला नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कुठेतरी पूर येईल आणि असाच मेसेज पुन्हा फिरेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझं माहेर परांडा तालुक्यातलं. टँकरची वाट बघण्यात ज्या भागाचे उन्हाळे जातात, तिथे घटस्थापनेच्या सुमारास माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. माझ्या चुलतभावाचं काढणीला आलेलं सोयाबीन गेलंच, पण त्याहून वाईट म्हणजे नदीकडच्या रानातली काळी माती खरडून गेली, खालचा मुरूम उघडा पडला आणि विहीर गाळाने बुजली. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतं, माती कुठून आणायची? गावातले फोन लागत नव्हते. इकडे आमचा कुणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता.

अशात आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एक मेसेज आला. खाली एका संस्थेचं नाव होतं. नामांकित संस्थेच्या नावातला एक शब्द बदलून तयार केलेलं, त्यामुळे वाचताना ओळखीचं वाटणारं. किराण्याचे किट, जनावरांना चारा, मुलांना वह्या-दप्तरं अशी यादी. एक क्यूआर कोड, आणि ‘यूकेतल्या दात्यांच्या सोयीसाठी’ इथल्याच एका बँकेचं खातं. हल्ली परदेशी मोबाइल नंबरवर एनआरई आणि एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या खात्यांनाही यूपीआय जोडता येतं, म्हणून काहींनी क्यूआरवरून दिले, काहींनी इथल्या खात्यातून. मी यूपीआयने दिले.

देण्याआधी मी मेसेजमधल्या नंबरवर बोलले होते. पलीकडचा माणूस आमच्याच बोलीत बोलत होता. गावांची नावं, कुठला रस्ता बंद, कुठल्या वस्तीवर माणसं अडकलीत, सगळं तोंडपाठ. ते त्या वेळी प्रत्येक बातमीत येत होतं, हे आता कळतं. मी विचारलं, संस्थेला एफसीआरए आहे का? त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. ‘ताई, ते दिल्लीचं लई किचकट काम हाय. तुमचे पैसे महिनाभर अडकतील, इथं लेकरं उपाशी हायेत. खजिनदाराच्या खात्यावर टाका, उद्या वाटप करून फोटो पाठवतो.’

या एका वाक्यावर सगळी फसवणूक उभी होती. एफसीआरए म्हणजे परकीय देणग्यांचा २०१० चा कायदा. परदेशी स्रोताकडून पैसे घ्यायचे तर संस्थेची गृह मंत्रालयाकडे नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी असलेल्या संस्थेला ते पुढे दुसऱ्या संस्थेला वळतेही करता येत नाहीत. रस्ता अरुंद आहे, हे परदेशातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. म्हणून ‘ती भानगड टाळून देतो’ म्हणणारा माणूस आपल्याला मदत करतोय असं वाटतं. तो खरा असला तरी संस्थेला कायद्याच्या कचाट्यात ढकलत असतो आणि खोटा असला तर पैसे स्वतःच्या खिशात घालत असतो. दोन्हीकडून नुकसान पूरग्रस्तांचंच.

आमच्यातल्या एकीला इथल्या बँकेच्या ॲपने खात्यावरचं नाव जुळत नसल्याचा इशारा दिला. तिने त्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, संस्थेचं नाव काढा, खजिनदाराचं टाका. तसं टाकल्यावर नाव जुळलं आणि पैसे गेले. यूपीआयवरही पैसे पाठवण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर येतं, आणि तिथेही एका व्यक्तीचंच नाव होतं.

मग पावत्या आल्या. छान छापलेल्या, शिक्का, सही, ८०जी म्हणजे देणगीवरच्या भारतातल्या करसवलतीचा उल्लेख. इथे कर भरणाऱ्याला ८०जी चा काय उपयोग? पण खरी खूण पॅनमध्ये होती आणि ती प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. पॅनच्या दहा अक्षर-अंकांपैकी चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं. ट्रस्ट असेल तर टी, कंपनी असेल तर सी, एकटी व्यक्ती असेल तर पी. आमच्या पावत्यांवर ट्रस्टचं नाव होतं आणि पॅनचं चौथं अक्षर पी होतं.

वाटपाचे फोटोही आले. बायका रांगेत उभ्या, हातात पिशव्या. मी ते चुलतभावाला पाठवले. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच फोन केला, ‘ताई, ही भिंत बघ. हा चिरा हाय. आपल्याकडं जांभा कुठं असतो? आपला दगड काळा.’ खरंच, मागची भिंत तांबड्या जांभ्या चिऱ्याची होती, वर कौलं, आणि कोपऱ्यात माडाचं खोड. फोटो कोकणातला, कुठल्या तरी जुन्या वाटपाचा. त्याच दिवशी तो नंबर बंद झाला.

यानंतर जे झालं ते कुणी कुठल्या खात्यावर पैसे पाठवले यावर ठरलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की फसवून करवून घेतलेले, यूकेतल्या एका खात्यातून यूकेतल्याच दुसऱ्या खात्यात गेलेले पैसे बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचे. त्यातून १०० पौंडांपर्यंत बँक कापून घेऊ शकते. ज्यांनी इथल्या खात्यावर पाठवले होते त्यांना परतावा मिळाला. हा नियम देशाबाहेर गेलेल्या पैशांना लागू नाही. आम्ही यूपीआयवाल्यांनी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली, भारतातल्या नातेवाइकांकडून १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोनही करवला. पैसे अजून आलेले नाहीत. तिथे वेळेला फार किंमत आहे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोचली तरच ती गोठवता येते, आणि आम्ही फोटोंची वाट बघत बसलेलो असताना ती पांगली होती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ऑक्टोबरात भावाच्या गावाला रब्बीच्या बियाण्यासाठी खरंच मदत हवी होती. मी ग्रुपवर लिहिलं. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, मग एकाने विचारलं, ‘हे तरी खरं आहे ना?’ त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्या भामट्याने आमच्या पैशांसोबत माझ्या गावावरचा विश्वासही नेला होता.

शेवटी आम्ही पैसे पाठवले ते असे. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीला मे २०२५ मध्ये एफसीआरए नोंदणी मिळाली आहे, त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांनाही तिथे रीतसर देता येतं. खात्याचा तपशील मात्र सरकारी संकेतस्थळावरूनच घ्यायचा, फॉरवर्ड केलेल्या चित्रावरून नाही. ज्यांना संस्थेलाच द्यायचं होतं त्यांनी गृह मंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर जिल्हावार यादीत नाव शोधलं. नोंदणी रद्द झालेल्या संस्थांची यादीही तिथेच असते, तीही बघावी. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलं तर ती परकीय देणगी धरली जात नाही, पण संस्था पासपोर्टचा तपशील मागू शकते आणि तिने मागावाच. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे भारतीय पासपोर्ट नव्हे, त्याला ही सवलत नाही. इंग्लंड-वेल्समधल्या धर्मादाय संस्थेमार्फत देणार असाल तर चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत क्रमांक टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

भावाला मी थेट त्याच्या खात्यावर पाठवले. नातेवाइकांना देता येतं, आणि २०२२ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत त्यांना सरकारला कळवावंही लागत नाही.

त्या मेसेजवरून तुमचेही पैसे गेले असतील आणि लाजेने गप्प बसला असाल तर गप्प बसू नका. यूकेतल्या खात्यावर दिले असतील तर परताव्याचा दावा शेवटच्या व्यवहारापासून १३ महिन्यांच्या आत करावा लागतो. चॅट पुसू नका, पावती, फोटो, नंबर आणि व्यवहार क्रमांक एकत्र ठेवा आणि आजच बँकेला कळवा.