कुंकू: हळदीचं, रंगाचं की डबीतलं?

पंचवटीत काळारामाच्या मंदिराकडे जाताना कुंकवाचे लालभडक ढीग दिसतात. देव्हाऱ्यासाठी हवं असेल तर खुशाल घ्या. रोज कपाळाला लावायचं असेल, तर मात्र आत काय आहे ते विचारूनच घ्या.

सुटं रंगाचं कुंकू स्वस्त आणि झळझळीत. स्टार्च किंवा खडूच्या पुडीवर कृत्रिम रंग चढवलेला असतो. तो कोणता, हे बहुधा दुकानदारालाही ठाऊक नसतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. कृत्रिम म्हणून प्रत्येक रंग वाईट नसतो: सीआय 15850 (सीआय हा रंग ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लिपस्टिकमध्ये सर्रास असतो, त्याला मान्यता आहे. रोडामाइन बी (सीआय 45170) मात्र अमेरिकेने 1988मध्येच प्रसाधनांतून हद्दपार केला. कुंकवाच्या अ‍ॅलर्जीत सुदान 1 हा रंगही सापडलेला आहे. त्रास नेहमी खाजेनेच सुरू होतो असं नाही. कधी थेट करडा-तपकिरी डाग उमटतो आणि कुंकू बंद केल्यावरही जायला महिनोन्‌महिने लागतात.

हळदीचं कुंकू दोन प्रकारचं: हळद आणि चुन्याचं, किंवा हळकुंडं, लिंबाचा रस आणि टाकणखाराचं. महाग असतं, रंग जरा काळसर, उन्हात फिका पडतो. चुना जास्त झाला तर कातडी चुरचुरते, आणि हळदीचीही अ‍ॅलर्जी असणारे असतात.

ओळखायचं कसं? पांढऱ्या बशीत चिमूटभर कुंकू घेऊन लिंबू पिळा. चुन्याचं असेल तर पिवळं पडतं. टाकणखाराचं लालच राहतं. दुसऱ्या चिमटीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं की ते काळपट-हिरवट होतं. दोन्हींत लाल ते लालच राहिलं, तर रंग बाहेरचा. भेसळीत थोडा रंग बदलतो, थोडा तसाच राहतो. शिसं आहे की नाही, हे मात्र या परीक्षेत कळत नाही.

डबीतलं किंवा ओलं कुंकू प्रसाधन म्हणून विकलेलं असेल, तर परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटक छापलेले हवेत. कायद्याने शिशाची मर्यादा 20 पीपीएम (दहा लाख भागांत 20 भाग), आर्सेनिकची 2 पीपीएम. कपाळासाठी आमचा कौल यालाच, फक्त सुगंध कमीत कमी असलेलं बघा. ‘फक्त पूजेसाठी’ लिहिलेली पुडी कपाळाला नकोच. शेंदूरही नको, पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. टिकलीने रंगाचा प्रश्न सुटतो, पण काही टिकल्यांच्या डिंकातल्या रसायनाने पांढरा चट्टा पडतो.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, सात दिवस लावून बघा. डाग दिसलाच तर ब्रँड बदलत बसू नका. सगळंच थांबवा, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्टला (कातडीवर पट्टीने पदार्थ लावून अ‍ॅलर्जी तपासायला) जाताना ते कुंकू वेष्टनासकट घेऊन जा.