मेरिदाचे एकत्रित तिकीट: पायी यात्रेकरूच्या दृष्टीने एक परीक्षण

स्पेनमधील सेव्हिलहून उत्तरेकडे निघून सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्री पोहोचणारा व्हिया दे ला प्लाता हा सुमारे 1000 किलोमीटरचा पायी यात्रामार्ग बराचसा जुन्या रोमन रस्त्याच्या आधाराने जातो, आणि या मार्गावरचा रोमन अवशेषांचा सर्वांत मोठा ठेवा मेरिदा शहरात आहे. तेथील नाट्यगृह, अँफिथिएटर (झुंजींचे वर्तुळाकार क्रीडागार), सर्कस (रथशर्यतींचे मैदान), कासा देल मित्रेओ हे रोमन घर, आल्काथाबा हा किल्ला आणि सांता एउलालियाच्या चर्चखालील उत्खनन ही प्रमुख स्थळे एकाच तिकिटावर पाहता येतात. पाठीवर सॅक घेऊन चालत आलेल्या माणसाला हे तिकीट कितपत उपयोगी आहे, एवढाच येथे प्रश्न आहे. माझे मत स्पष्ट आहे: तिकीट अवश्य घ्यावे, पण शहरात एक पूर्ण दिवस मुक्काम करणार असाल तरच.

आदल्या मुक्कामाचे गाव, तोर्रेमेहिया, मेरिदापासून साधारण 16 किलोमीटरवर आहे आणि वाट सपाट आहे. त्यामुळे सकाळी लवकर निघालेला यात्रेकरू ग्वादियाना नदीवरच्या रोमन पुलावरून दुपारच्या आतच शहरात शिरतो, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात सगळे पाहून होईल असे त्याला सहज वाटते. तसे होत नाही. शहर लहान असले तरी स्थळे विखुरलेली आहेत, सर्कस तर बरीच बाहेरच्या बाजूला आहे, आणि चालून आलेल्या पायांना दगडी पायऱ्यांची चढउतार जड जाते. ज्यांच्याकडे खरोखरच एक दुपार आहे, त्यांनी केवळ नाट्यगृह आणि अँफिथिएटर यांचे वेगळे तिकीट काढावे. ते स्वस्तही पडते.

हे शहर सम्राट ऑगस्टसच्या काळात, इ.स.पू. 25 मध्ये, निवृत्त सैनिकांसाठी वसवले गेले आणि पुढे लुसितानिया या रोमन प्रांताची राजधानी झाले. नाट्यगृह इ.स.पू. 16-15 चे, ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याच्या आश्रयाने बांधलेले. 1910 मध्ये उत्खनन सुरू होईपर्यंत त्याच्या बैठकीचा फक्त वरचा भाग जमिनीवर दिसत असे. आज रंगमंचामागे उभे असलेले दुमजली स्तंभ विसाव्या शतकात पुन्हा रचलेले आहेत, हे लक्षात ठेवून पाहिले तरी त्यांची भव्यता कमी होत नाही. येथे घाई करू नये. वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसावे, मग खाली रंगमंचापुढच्या अर्धवर्तुळाकार जागेत उभे राहून मागे वळावे, म्हणजे सुमारे 6000 प्रेक्षकांची ही रचना किती नेमकी आहे ते समजते. 1933 मध्ये सुरू झालेला अभिजात नाट्यमहोत्सव येथे भरतो. उन्हाळ्यात रंगमंचावर नेपथ्य उभे असण्याची शक्यता असते, आणि ज्यांना स्तंभ मोकळे पाहायचे आहेत त्यांनी वसंतातच यावे. चालण्यासाठीही तोच ऋतू योग्य, कारण एस्त्रेमादुरा या प्रदेशातील उन्हाळा पदयात्रेला अतिशय कठोर आहे.

शेजारचे अँफिथिएटर पाहण्यास फार वेळ लागत नाही. सर्कसची लांबी 400 मीटरहून अधिक आहे आणि तेथे सुमारे 30000 लोक बसत असत, पण आज तेथे मुख्यतः मोकळे मैदान दिसते. पाय दुखत असतील तर हे स्थळ निःसंकोचपणे सोडावे. कासा देल मित्रेओमधील विश्वाचे चित्रण करणारे मोझेक मात्र सोडू नये, आणि इ.स. 835 च्या आल्काथाबामध्ये पायऱ्या उतरून नदीच्या पाण्याच्या टाक्यापर्यंत जावे, कारण मुस्लिम राज्यकर्त्यांनी जुन्या इमारतींचे कोरीव दगड येथे कसे पुन्हा वापरले ते तेथे हाताच्या अंतरावर दिसते.

या तिकिटातील ज्या स्थळाकडे यात्रेकरूचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, तेच मला त्याच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे वाटते. सांता एउलालियाच्या चर्चखाली रोमन घरांचे अवशेष, ख्रिस्ती दफनभूमी आणि या हुतात्मा मुलीच्या स्मारकाभोवती वाढत गेलेले बांधकाम थरावर थर दिसते. ज्यांच्या दर्शनासाठी ही यात्रा आहे त्या संत जेम्स (सांतियागो) यांची कबर सापडल्याची वार्ता नवव्या शतकातील आहे. त्यापूर्वी कित्येक शतके भाविक येथे दर्शनाला येत होते. उत्तरेकडे निघालेल्या यात्रेकरूला आपल्या वाटेचा इतका जुना पूर्वज नाट्यगृहात भेटत नाही.

तिकिटाची किंमत वेळोवेळी बदलते. ती 15 ते 20 युरोंच्या दरम्यान धरून चालावे. व्हिया दे ला प्लातावरील इतर स्थळांच्या तुलनेत हा आकडा मोठा आहे. सेव्हिलजवळचे इतालिका हे रोमन शहर अगदी नाममात्र शुल्कात पाहता येते, आणि पुढे कार्काबोसो व आल्देआनुएवा देल कामिनो यांच्या दरम्यान कापार्रा या रोमन शहराची चार बाजूंनी उघडी कमान तर यात्रामार्गावरच उभी आहे. मेरिदातही रोमन पूल, डायनाचे मंदिर, त्राजानची कमान आणि लोस मिलाग्रोस जलसेतू यांना पैसे पडत नाहीत. तरीही तिकिटातील स्थळांचा आवाका पाहता किंमत मला रास्त वाटते.

राष्ट्रीय रोमन कला संग्रहालय या तिकिटात येत नाही, ही गोष्ट अनेकांना तिकीट काढल्यावर कळते. वास्तुविशारद राफाएल मोनेओ यांनी रचलेली, 1986 मध्ये खुली झालेली ही विटांच्या उंच कमानींची इमारत स्वतंत्र शुल्क देऊन पाहण्यासारखी नक्कीच आहे. संग्रहालय सोमवारी बंद असते, आणि शनिवारी दुपारनंतर व रविवारी सकाळी तेथे विनामूल्य प्रवेश असतो. म्हणून मुक्कामांची आखणी शनिवार-रविवार मेरिदात येईल अशी करणे सर्वांत फायद्याचे.

जलसेतू मुक्कामाच्या दिवशी मुद्दाम पाहायला जाऊ नये. सुमारे 25 मीटर उंचीचे त्याचे ग्रॅनाइट आणि विटांचे खांब शहरातून बाहेर पडणाऱ्या वाटेजवळच आहेत, आणि तीच वाट पुढे प्रोसेर्पिना जलाशयाच्या धरणाजवळून जाते. ज्या पाण्यासाठी हा सेतू बांधला ते याच जलाशयातून येत असे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळचे चालणे म्हणजे त्या पाण्याच्या उगमाकडे जाणे ठरते. बसने आलेला पर्यटक सहसा एवढे अंतर चालत नाही, आणि त्याला या व्यवस्थेचे प्रमाण असे पायाखाली जाणवत नाही.

सार्वजनिक यात्रीनिवासांत सामान्यतः एकच रात्र राहू देतात. तेव्हा दुसऱ्या रात्रीसाठी खासगी खोली आधीच ठरवावी, आणि सॅक तेथे ठेवूनच स्थळे पाहण्यास निघावे.