लिनक्सवर वायफाय डोंगलचा ड्रायव्हर: कर्नलमधला बरा की डीकेएमएसवाला?

कोल्हापुरात राजारामपुरीतनं स्वस्तातला यूएसबी डोंगल घेऊन आलास तर भावा, आधी टर्मिनलात एलएसयूएसबी (lsusb) ही कमांड मारून चिप कुठली ते बघ, बॉक्सवरच्या नावावर जाऊ नको.

समज रिअलटेकची ८८२१सीयू निघाली, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासनं तिचा ड्रायव्हर आतच आहे, म्हणजे उबुंटू २४.०४ वर (तिथं कर्नल ६.८ किंवा त्याच्या पुढचा) डोंगल खुपसायचा आणि बसायचं, अपडेट आलं तरी ड्रायव्हर सोबतच येतो, सिक्युअर बूटची (सही नसलेला कोड कॉम्प्युटर चालू होताना अडवणारी सोय) कटकट नाही. स्पीड कधीकधी जरा कमी वाटतो एवढंच.

गिटहबवरचा डीकेएमएसवाला, म्हणजे बाहेरनं आणून आपल्याच मशीनवर प्रत्येक कर्नलसाठी बिल्ड होणारा ड्रायव्हर, म्हणजे लई उठाठेव. कर्नल हेडर्स (बिल्डला लागणाऱ्या कर्नलच्या फायली) पाहिजेत, कंपायलर पाहिजे, आणि गंमत बघ, वायफाय चालू करायलाच नेट लागतंय, मग मोबाईलचं यूएसबी टिदरिंग (केबलनं मोबाईलचं नेट) करा. सिक्युअर बूट चालू असेल तर रीबूट झाल्यावर निळ्या स्क्रीनवर एमओके (ड्रायव्हरवरच्या सहीची किल्ली) एनरोल करायचं, तिथं घाईत कंटिन्यू दाबलं की मॉड्यूल (म्हणजे तो ड्रायव्हर) लोडच होत नाही आणि माणूस डोंगलला शिव्या घालत बसतो. वर नवीन कर्नल आला की बिल्ड फुटायची भीती आहेच.

जुनं कर्नल असेल नाहीतर चिपला आतला ड्रायव्हरच नसेल तरच ह्याच्या नादाला लाग.