जांभळा निघाला ना, मग तक्रार कसली?

11,340 रुपये गेले, लोकर रंगवायच्या पुडीपायी. आकडा आधीच सांगते, म्हणजे हसून मोकळे व्हा.

लायकेनपासून, म्हणजे दगडफुलाच्या भाऊबंदांपासून, ऑर्किल हा जांभळा रंग कसा काढतात हे रंगाईच्या नादातल्यांना सांगायला नको. अमोनियात भिजवा, रोज ढवळून हवा द्या, आठवडेच्या आठवडे वास सोसा. त्यात लायकेन वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं; खडक खरवडून आणायला मन धजेना. म्हणून तयार पूड घेतली. आळस म्हणा, पण हाव नव्हती.

पद्धत नेहमीचीच. आधी 20 ग्रॅम नमुना, 840 ला. तो अस्सल होता! व्हिनेगरमध्ये लालसर, धुण्याच्या सोड्यात निळसर झाला. त्यात पूड विकणारा माणूस जाणकार. 1758 साली स्कॉटलंडात कथबर्ट गॉर्डननं कडबेअरचं, म्हणजे लायकेनच्याच जांभळ्या रंगाचं, पेटंट घेतलं, इथपासून सुरुवात. इतिहास खरा, म्हणून मालही खरा धरला. मग अर्ध्या किलोचे 10,500 आगाऊ पाठवले. आगाऊ कधीही पाठवू नका, पाठवलेच तर नमुना संपवू नका. मी संपवला होता.

"उन्हात कधीच विटणार नाही," असं त्यानं लिहून दिलं. ऑर्किल उन्हाला कच्चा, हे मी स्वतः लोकांना शिकवते! तरी वाटलं, याच्याकडे काही जुनी युक्ती असेल.

पण खरी लाज पुढेच आहे. लोकरीच्या लडी मी सुती दोऱ्यानं बांधते. ऑर्किल लोकरीवर, रेशमावर मॉर्डंटशिवाय, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या तुरटीसारख्या द्रव्याशिवाय, चढतो, सुताला धरत नाही. लडी बाहेर काढल्या तर दोराही गर्द जांभळा. धुतला, तरी तसाच. तो दोरा बोटाला गुंडाळून मी "काय रंग आहे!" म्हणत घरभर फिरले. पुरावा बोटावर होता हो! सहा लडी रंगवून झाल्यावर एकीनं पुडीच्या पाण्यात व्हिनेगर टाकून दाखवलं. ढिम्म. कारखान्यातला रंग. प्रत्येक पुडीची ही परीक्षा करा, नमुन्याची करून काय उपयोग?

तक्रार द्यायला गेले. समोरचा म्हणाला, "जांभळा मागवला, जांभळा आला. फसवणूक कुठे?" लायकेन हा शब्द त्यानं तीनदा विचारला आणि शेवटी 'शेवाळ' लिहिलं. शेवाळ! दुसऱ्या टेबलावर म्हणाले, प्रयोगशाळेचा अहवाल आणा. प्रयोगशाळा म्हणाली, आमच्याकडे पत्र आणा. पत्र कोण देणार? पहिलं टेबल. ते जेवायला गेलेलं. बँकेनं तर एका वाक्यात निकाल लावला, "पैसे तुम्हीच पाठवलेत." चार चकरा झाल्या, हाती पोचपावतीसुद्धा नाही.

काल दुसऱ्या नंबरावरून त्यालाच विचारलं, सुतावर चढेल का? "हो ताई, एकदम पक्का." या वेळी तरी खरं बोलला मेला.